राखेची निवळी

"राख म्हंजे कपडासनी माय शे रे पोर्‍या, नि रिठा म्हंजे मावशी. बाकी बठ्ठी सावत्र!"

हा आवाज माझ्या द्रौपदाआत्याचा. गिरणेच्या पात्रात ती गुडघाभर पाण्यात उभी राहायची, लुगड्याचा पिळा डोक्यावरून फिरवून खडकावर आपटायची आणि आपटण्याच्या ठेक्यावर म्हणायची,

गिरनाना पानीमा मी धोवस धुनं,
मय गया वाही, मन तसंच जुनं.

"धुनं"वर एक धोपाटी, "जुनं"वर दुसरी. मधल्या जागेत पलीकडच्या काठावरून तिचाच आवाज परत यायचा. मी काठावर बसून ओल्या वाळूचे डोंगर करायचो. आत्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिचा आवाज पुन्हा ऐकू यायला मला एखादा पवित्र क्षण लाभला असता तर बरं दिसलं असतं. पण खरं सांगायचं, तर तो आला जळगावच्या नवसमाधान सोसायटीत, माझ्या न्हाणीघरात. मी अंगात बनियन घालून उकिडवा बसलो होतो आणि धुण्याच्या पावडरीच्या पुड्याकडं बघत होतो. पुड्यावर एक बाई हसत होती. तिच्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.

वच्छलेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातांना झालं होतं. बोटांच्या पेरांवर चिरा पडायच्या, कातडी सोलायची, मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पावडरीला हात लावायचा नाही. निदान चिरा भरेपर्यंत." म्हणून ती देवपुरात तिच्या भावाकडं, मगनकडं राहिली. दसऱ्याचं सोनं वाटून गेली होती. संक्रांतीचा तिळगूळ मला शेजारच्या कमलबाईंनी भिंतीवरून दिला, तोही "गोड गोड बोला" न म्हणता. बोलणार कुणाशी, हे त्यांना दिसत होतं.

आदल्या उन्हाळ्यात आमच्या मुलीचं लग्न झालं, ती सुरतेला गेली. दोन माणसांच्या घरात बोलायला विषय लागतात, आणि आमचे बरेचसे विषय मुलीबरोबर सुरतेला गेले. तरी पलीकडच्या खोलीत बांगड्या वाजायच्या. एखादं घर चालू आहे हे कळायला तेवढं पुरतं. आता तेही बंद. संध्याकाळी कचेरीतून येऊन कुलूप उघडलं की घरातला अंधार माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा, जणू मीच चुकीच्या दारात आलोय.

तेव्हा मी न्हाणीघरात बसल्या बसल्या सरळ सिद्धान्त मांडला. जोवर घरात पावडर, तोवर वच्छला धुळ्यात. पावडर गेली की वच्छला येईल.

तुम्ही म्हणाल, धुण्याला बाई का लावली नाही? विचारलं होतं. बेबाबाई म्हणाली, "घरात बाई नसताना एकल्या माणसाकडं मी येत नाही भाऊ, लोकं बोलतात." आणि घरात बाई असताना बेबाबाईला बोलवायची सोय नव्हती, कारण दुसऱ्याच्या हातचं धुणं वच्छलेला पटत नाही. सरकारी कामात असा पेच आला की फाईल कपाटात जाते. इथं मीच कपाटात होतो.

पहिल्यांदा मावशीला शरण गेलो. काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन रिठे मागितले. दुकानदारानं पुडी बांधता बांधता विचारलं, "दागिने धुवायचेत का केस?"

"पायजमे," मी म्हणालो.

त्यानं पुडी बांधायचं थांबवून माझ्याकडं पाहिलं आणि रिठे थोडे जास्त टाकले. दयेपोटी टाकले असावेत.

रिठे उकळायला घरात मोठं भांडं म्हणजे लोखंडी कढई. ती चढवली. थोड्याच वेळात स्वयंपाकघरात असा वाफारा झाला की मी शिंकू लागलो. शिंका मोजणारा माणूस नसला की शिंका लवकर संपत नाहीत. फेस कढईतून उतू जाऊन शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर आला आणि शेवटी उंबरा ओलांडून कमलबाईंच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"अभिमनभाऊ, दूध उतू गेलं का?"

"नाही. पायजमा."

पायजमे वाळल्यावर पाहिलं, तर त्यांचा रंग पावसाळी आभाळासारखा झाला होता. कचेरीत समोरच्या टेबलावर हिलाल बसतो. जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देण्याचं त्याला वरदान आहे, फक्त सल्ला घटनेनंतर येतो. तो म्हणाला, "लोखंडात उकळवले? अरे बापरे. रिठा आणि लोखंड म्हणजे सासू आणि सून. काळं होणारच."

"आधी का नाही बोललास?"

"तू आधी विचारलं का?"

कमलबाईंना मात्र माझी कीव आली. त्यांनी भिंतीवरून सांगितलं, "आमच्या सासूबाई रेशमी लुगडं बेसनानं धुवायच्या. नुसतं चमकायचं." मी रेशमी लुगडं नेसत नाही, पण तत्त्व कळलं. एक पांढरा सदरा बेसनात कालवला, खळबळून वाळवला. थोडं पीठ शिवणींत राहिलं असेल. इस्त्री फिरवल्यावर ते आत खमंग भाजलं गेलं. त्या दिवशी कचेरीत अकराच्या सुमाराला साहेबांनी मान वर करून विचारलं, "आज भजी कुणी आणलीत?" सगळे एकमेकांकडं बघू लागले. मी फाईलमध्ये तोंड घातलं. हिलाल माझ्या खांद्याजवळ आला, नाक हलवलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, ओवा घालायचा राहिला."

दर रविवारी संध्याकाळी मी पितांबरच्या एसटीडी बूथवर जायचो. त्या सुमाराला गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ निघाले होते. पितांबरच्या बूथला काचेचं दार होतं, पण ते लागायचं नाही, आणि रांगेतली माणसं दाराला टेकून उभी असायची. धुळ्याला मगनच्या शेजाऱ्यांकडं फोन. ते वच्छलेला हाक मारायचे. मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा, मग श्वास, मग "हं".

"हात कसे आहेत?"

"आहेत तसेच."

"मलम लावतेस ना?"

"लावते."

"लावत जा."

"हो. जेवण?"

"होतं. ठेवू?"

"ठेवा."

पितांबर रिसीव्हर घेत म्हणायचा, "अभिमनभाऊ, तुमचा कॉल म्हणजे दवाखान्याचा रिपोर्ट. बाकी लोक बघा कसे भांडतात!" रांगेतली माणसं हसायची. फोन ठेवल्यावर मला रोज न सुचणाऱ्या पुष्कळ गोष्टी सुचायच्या. अंगणातल्या पेरूला फळ धरलंय. मांजर तुझ्या जागेवर येऊन बसतं. पण रिसीव्हर हातात असताना मागं पाच जण उभे, आणि माझ्यासारख्या हेडक्लार्कला कागदावर नसलेलं काही बोलायची सवय नाही.

तर धुणं. पांघरुणाची चादर धुतली त्या दिवशी संकटानं आकार घेतला. चादर धुवायला एक माणूस पुरतो. पिळायला दोन लागतात. एकानं इकडचं टोक धरायचं, दुसऱ्यानं तिकडचं, आणि उलट्या दिशांनी फिरवत जायचं. लग्न झाल्यापासून आमच्या घरातला हा एकच खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता. तेव्हा कधी वाटलं नाही की समोरच्या टोकाला माणूस असणं ही मोठी गोष्ट आहे. मी अंगणात ओली चादर घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मग एक टोक सोसायटीच्या सार्वजनिक नळाला बांधलं आणि दुसरं टोक पिळत गेलो. चादर पिळली गेली. नळही पिळला गेला. पाईप सांध्यात तुटला आणि आमच्या सोसायटीत, जिथं पाणी दिवसाआड येतं आणि आलं तर रांगत येतं, तिथं दुसऱ्या मजल्याइतकं कारंजं उडालं.

सोसायटीची तातडीची सभा भरली. चेअरमन बन्सीलालजी हे निवृत्त वजन-मापे निरीक्षक. ते माणसाला हात जोडतानासुद्धा दोन्ही तळवे समतोल आहेत का बघतात. त्यांनी विचारलं, "सभासदाने सार्वजनिक नळास चादर बांधण्याचे प्रयोजन काय?"

खरं प्रयोजन एवढंच होतं, की समोरचं टोक धरायला कुणी नव्हतं. पण हे सगळ्या सोसायटीसमोर उभं राहून कसं म्हणणार? कमलबाई माझ्याकडं बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं, "पर्यावरण."

हा शब्द तेव्हा नुकताच रेडिओवर येऊ लागला होता, त्याला उलट प्रश्न कसा विचारायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी धीर करून पुढं बोललो. पावडरीचा फेस गटारीत, गटारीचा नाल्यात, नाल्याचा गिरणेत. मासे गेले, खेकडे गेले. पूर्वी आमच्या आत्या केळीच्या राखेच्या पाण्यानं धुणं धुवायच्या; ना पाणी नासायचं, ना हात. "हात" म्हणताना माझा आवाज जरा चिरकला. तेवढ्यात कमलबाईंनी पदराखालचा हात वर केला. त्यांच्याही पेरांना चिरा होत्या. मग पलीकडच्या ओळीतल्या बायकांनी आपापले हात पाहिले. नळ बाजूला राहिला आणि ठराव झाला. श्री. अभिमन सोनवणे यांनी केळीची राख आणून प्रयोग करावा आणि प्रत्येक घरानं चाचणीसाठी एकेक कपडा द्यावा. बन्सीलालजींनी जागच्या जागी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "माझ्यातर्फे ही."

मी घरी आलो तेव्हा मला घाम फुटला होता. आत्या निवळी कशी करायची याचं चित्र माझ्या डोळ्यांत होतं. राख पाण्यात ढवळायची, बसू द्यायची, वरचं नितळ पाणी वाटीनं अलगद काढायचं, तीच निवळी. पण मी तर वाळूचे डोंगर करत होतो. माणूस बालपणी ज्या गोष्टीकडं पाठ करून बसतो, तिच्याच जोरावर पुढं भाषणं देतो.

रावेरकडं आधार म्हणून माझा शाळूसोबती आहे, त्याच्या केळीच्या बागा. रविवारी सकाळी त्याच्या मळ्यात पोहोचलो. तो म्हणाला, "येडा झाला का रे? लोकं इथून केळी नेतात, तू राख नेतो?" तरी त्यानं वाळलेली खोडं जाळून जमलेली पांढरीफेक राख दिली. राख गोणीतून सांडेल म्हणून त्याच्या बायकोनं, सुमनबाईंनी, ती एका कोऱ्या मडक्यात भरली आणि तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलं. त्यांच्या डोक्यात धुणं होतं, त्यामुळं त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. निघताना मी बागेतली ओली सोपटं उचलून खांद्यावरच्या पिशवीत कोंबली. केळीच्या खोडाचे ते पन्हळीसारखे पदर बघून मला एकदम सुचलं, निवळी बसायची वाट कशाला बघायची? यातूनच गाळून घेऊ. असल्या कल्पना सुचतात तेव्हा अडवायला घरात माणूस लागतं.

बसमध्ये गर्दी होती. मी दांड्याला धरून उभा, दुसऱ्या हातात छातीशी मडकं. तोंडावर काय भाव होते ते मला माहीत नाही, पण त्या काळात माझं तोंड बहुतेक एकाच भावात असायचं. एका म्हातारीनं मडक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि शेजारच्याला कोपरानं ढकललं. "ऊठ रे, त्या भाऊले बसू दे."

मी बसलो. बस हळूहळू शांत झाली. समोरचे दोघं कापसाच्या भावावरून भांडत होते, तेही थांबले.

"घरातलंच कोनी का?" म्हातारीनं विचारलं.

मी सांगणार होतो, की आजी, ही राख धुण्याची आहे. तोंड उघडलंसुद्धा. पण सगळी बस माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होती, की शब्द बाहेर आला नाही. मी मान खाली घातली. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात खरबरीत होता, उन्हाचा होता. माझ्या पाठीवर कुणी हात ठेवल्याला किती दिवस झाले होते, याचा मी विचार करायला लागलो आणि तिथंच घोटाळा झाला.

"रड बाबा," ती म्हणाली. "रडलं म्हंजे हलकं होतं."

आणि मी रडलो. सावद्यापासून पुढं बराच वेळ रडलो. भुसावळच्या स्टँडवर कुणीतरी खिडकीतून चहा आणून दिला. कंडक्टर पाठ फिरवून उभा राहिला, म्हणजे मला संकोच नको. माझं कुणी गेलेलं नव्हतं, तरी जळगाव येईपर्यंत माझ्या छातीतलं ओझं निम्मं उतरलं होतं.

हे सुख जकात नाक्यावर संपलं. तिथल्या कारकुनानं बसमध्ये डोकं घालून विचारलं, "मडक्यात काय?"

म्हातारी कडाडली, "मेल्या, मानसाच्या राखेवर जकात घेतो का?"

कारकून दचकून हात जोडणार, एवढ्यात माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. सरकारी माणसाला खोटं निवेदन करणं माझ्या रक्तात नाही. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "केळीच्या खोडाची आहे. धुण्यासाठी."

"केळीची राख? धुण्यासाठी?" तो गाडीभर ऐकू जाईल असं बोलला. "खाली उतरा."

म्हातारीनं पाठीवरचा हात काढून घेतला. "धुन्याची राख? नि मी तुझ्यासंगं रडली?" कापसाच्या भावाचं भांडण लगेच सुरू झालं. मला चहा आणून दिलेल्या गृहस्थानं माझ्याकडं पाहिलं ते अजून आठवतं. बस निघून गेली.

नाक्यावर नवाच पेच पडला. दरपत्रकात राख नव्हती. खत म्हणावं तर शेती नाही, साबण म्हणावं तर कारखाना नाही, औषध म्हणावं तर वैद्य नाही. कारकुनानं वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी फडकं सोडून चिमूट घेतली, वास घेतला, शिंकले आणि म्हणाले, "लिहा, निरुपयोगी." कारकुनानं माल आणि मालक एकाच रेघेत लिहिले. मी ती ओळ वाचली, "निरुपयोगी, सोनवणे अभिमन," आणि मडकं उचलून चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी रजा काढली. अंगणात घंगाळ, त्यावर सोपटं पन्हळीसारखी रचलेली, त्यातून राखेचं पाणी झुळझुळ उतरतंय, असा थाट मांडला. पाणी दिसायला फिक्या चहाच्या रंगाचं होतं. मला ते आरोग्यदायी वाटलं. हाताला गुळगुळीत लागत होतं, फेस नव्हता, डोळ्यांत झोंबत नव्हतं. आत्या बरोबर होती. सोसायटीचे कपडे एकेक करून बुडवले. मग घरात गेलो आणि वच्छलेच्या ट्रंकेतलं मोतिया रंगाचं पातळ काढलं. मुलीच्या लग्नात नेसलेलं, एकदाच नेसलेलं. मनात असं होतं, की ते धुऊन, घडी करून धुळ्याला घेऊन जायचं आणि तिच्या हातात द्यायचं. बघ. असं निघतं. आता घरात पावडर नाही.

पातळ पाण्यात सोडताना त्याला कापराचा वास आला. मी आत्याची ओवी म्हणत होतो. खोटं कशाला बोलू, आनंदात होतो.

उन्हं चढली तसे दोरीवरच्या कपड्यांवर ठिपके दिसू लागले. आधी फिके, मग तपकिरी, मग काळसर. सदऱ्यावर, परकरांवर, उशीच्या अभ्र्यांवर. बन्सीलालजींच्या टोपीवर तर सातपुड्याचा नकाशा उमटला, खिंडींसकट. कमलबाई धावत आल्या. सोपटांकडं बघितलं. कपाळावर हात मारला.

"अभिमनभाऊ! ओल्या सोपटातून गाळलं? केळीचा चीक हो तो! तुमचा जन्म जळगाव जिल्ह्यातला ना?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडं पाळण्यातल्या लेकराला बोलता येण्याआधी कळतं, की केळीचा चीक कपड्याला लागला तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. केळीच्या बागेत जाताना माणसं जुने कपडे घालून जातात. आणि मी त्या चिकातून सगळ्या सोसायटीची अब्रू गाळून काढली होती.

एकेक जण येऊन आपापला कपडा घेऊन गेला. कुणी फार बोललं नाही, त्यानं जास्त लागलं. बन्सीलालजींनी टोपी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ठरावात 'यशस्वी' हा शब्द घालायचा राहून गेला." संध्याकाळी दोरीवर एकच कपडा उरला. मोतिया पातळ. पदरापासून निऱ्यांपर्यंत डाग. मी ते काढलं, घडी केली, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केली. घरात गेलो नाही. पायरीवरच बसून राहिलो.

रविवारची वाट बघवेना. शिवाय हे फोनवर, पितांबरच्या रांगेसमोर, सांगण्यासारखं नव्हतं. सकाळीच पातळ पिशवीत घातलं आणि धुळ्याची गाडी पकडली. एरंडोलपर्यंत एक वाक्य जुळवलं: "एक छोटीशी चूक झाली." पारोळ्यापर्यंत ते मोडलं. पुढं दुसरं जुळवलं: "तुला नवीन घेऊ." तेही पटेना. ज्या माणसानं महाराष्ट्र शासनाला उत्तरं लिहिण्यात आयुष्य घालवलं, त्याला बायकोसाठी एक ओळ जुळत नव्हती.

देवपुरात मगनच्या घरचं दार उघडंच होतं. मगन कामावर, वहिनी बाजारात गेलेली. मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज येत होता. मी चौकटीत जाऊन उभा राहिलो.

वच्छला मोरीच्या दगडाशी बसून धुणं धूत होती. शेजारी पावडरीचा उघडा पुडा. कोपरापर्यंत पांढरा फेस. ती कपडे घासत होती, पूर्वीसारखीच, जोरात, मान एका बाजूला कलती करून. फेसातून बाहेर आलेली बोटं मला दिसली. गोरी, अखंड. एक चीरसुद्धा नाही.

तिनं वर पाहिलं. "अगं बाई! तुम्ही? कळवलं नाही ते?"

"हे काय?" माझ्या तोंडून एवढंच निघालं. "पावडर?"

तिनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं.

"हात बरे झाले?"

"झाले."

"कधी?"

"दिवाळीच्या आधीच."

माझ्यातला दुखावलेला माणूस उभा राहिला. माझे रिठे, माझं बेसन, सोसायटीचा नळ, जकात नाका, बन्सीलालजींची टोपी! "मग दर रविवारी 'आहेत तसेच' का म्हणायचीस?"

तिनं हातातला कपडा खळबळला, पिळला, बाजूला ठेवला. बादलीतलं पाणी ओतलं. ते सगळं वाहून जाईपर्यंत थांबली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही तेवढंच विचारायचात. बरे झाले म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी विचारायला तुमच्याकडं काय उरलं असतं?"

"अगं, पण मग घरी यायचंस."

"घरी येऊन काय?" ती हळू बोलली. "तिथं पोरगी गेल्यापासून दिवसात दोन शब्द नाही निघाले तुमच्या तोंडून. इथं निदान रविवारचा फोन यायचा. मी चार वाजल्यापासून शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची."

अंगणात शेवग्याच्या झाडावर एक पोपट शेंग कुरतडत होता. त्याचा आवाज फार मोठा वाटला.

"पिशवीत काय आणलंत?" तिनं विचारलं.

"ते नंतर," मी म्हणालो.

एरंडोलचं वाक्य आठवेना. मुलीची शाळा सुरू झाली तेव्हापासून आम्ही घरात शहरी, नीटनेटकं बोलायला लागलो होतो. कचेरीत तर मी माझ्या शुद्ध मसुद्यांसाठी ओळखला जातो. ते सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. मी मोरीच्या ओल्या फरशीवर तिच्या समोर उकिडवा बसलो, पिशवी बाजूला ठेवली, आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांनी, माझ्या गावची भाषा आली.

"वच्छला, माले तुनाबिगर करमत नही. घर चाल."